सारखेच जिने

कोपरखैरणे,
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९९५

ती. दादांस,
धाकट्या राहीचा वाकून नमस्कार.

मी इथं अगदी मजेत आहे. रणजीत आणि सूनबाई सकाळीच कामावर जातात, मग अख्खं घर माझं. नळ घरातच आहे, टीव्ही आहे. सूनबाईंच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतलीय, वहिनींसाठी. त्यांचे गुडघे कसे आहेत?

मागच्या महिन्यात एक गंमत झाली. कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि येताना शेजारच्याच बिल्डिंगमध्ये चढले. इथं सगळे जिने सारखे, दारंही सारखी. दार उघडं दिसलं, म्हणून सरळ आत जाऊन कोथिंबीर निवडत बसले. त्या घरची बाई न्हाऊन बाहेर आली ती किंचाळलीच! नंतर बिचारीनं चहा पाजला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. रणजीत मात्र हसला नाही. "आई, मला तिकडं ऑफिसात टेन्शन नको," म्हणाला.

तेव्हापासून तो जाताना बाहेरून कुलूप लावतो. काळजीपोटीच लावतो, तुम्ही त्याच्यावर रागावू नका. भाजी मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढते. हे पत्रही त्याच पिशवीतून भाजीवालीकडे सोडतेय, ती पेटीत टाकेल.

आपली कपिली व्याली का? माझं घर अधूनमधून उघडत जा, वारा खेळू दे आत.

न्यायला या असं मी म्हणत नाही. पण आलात तर रविवारी या. इतर दिवशी बेल वाजवलीत तर आतून बोलेन, पण दार उघडता यायचं नाही.

तुमची,
राही