फर्माइशीचा फोन

सोमवार, ३ तारीख
तीन जिने चढवले आणि बसायला दिलं काय, तर डगमगतं स्टूल. असो. रेडिओवर नोकरी लागली. नातीने चिकटवली. फर्माइशीचा फोन उचलायचा, गाणं चिठ्ठीवर लिहायचं, काचेच्या खोलीत द्यायचं. आत नात माइकवर बोलते. तिच्याआधी एक म्हातारा जुनी गाणी लावतो. आवाज रेशमी, सदरा चुरगळलेला. माझं अक्षर बघून नात म्हणाली, आजी, मुंगी शाईत पडून चालल्यासारखं आहे, रोज चार ओळी लिहीत जा. चौथी शिकलेल्या बाईला या वयात गृहपाठ. पण मजा आहे.

गुरुवार, ६
मॅनेजर म्हणाला, जुनी गाणी कोणी ऐकत नाही, उद्यापासून नाचाची. याला फॉरमॅट बदलणं म्हणतात. बदलाआधी दिवसभर एकच गाणं फिरवत ठेवायचं, म्हणजे जुने ऐकणारे कंटाळून आपसूक जातात. माझी सासू पाहुण्यांना असंच घालवायची, एकच गोष्ट सांगून सांगून. ते गाणं आज एकेचाळीस वेळा ऐकलं. आत म्हातारा एकटाच बसून होता.

शुक्रवार, ७
म्हातारा आला नाही. मॅनेजर म्हणतो, कोण म्हातारा? पहारेकरी तेच म्हणतो. नातसुद्धा. सगळ्यांच्या डोक्याला एकदम वाळवी लागली काय? वही उघडून बघितली. लिहिलेलं आहे.
दुपारी फोन आला. म्हाताराच. म्हणे, मी खुर्चीतच आहे, काचेवर थापा मारतोय, तुम्ही कोणी बघत का नाही? माझं एखादं गाणं लावा. खुर्ची रिकामी होती. तरी चिठ्ठी लिहिली. मॅनेजरने फाडली. म्हणाला, तसली गाणी आता आपल्याकडे नाहीत.

बुधवार, १२
नाचाचाही कंटाळा आला त्यांना. उद्यापासून नुसती वाद्यं, मध्ये कोणी बोलायचं नाही. सकाळपासून एकच गाणं फिरतंय, आणि आत नात आहे. काचेवर टकटक केलं, बाहेर ये म्हणून खुणावलं. हसली. कार्यक्रम संपू दे, अशी उलटी खूण केली. दार ओढलं. मॅनेजर म्हणतो, लाल दिवा असेपर्यंत उघडत नाही. स्टूल घातलं काचेवर. स्टूल मोडलं, काचेला ओरखडा नाही. गाणं थांबलं. परत लागलं नाही. खुर्ची—

गुरुवार
सकाळी घरून मुलाला कामावर फोन केला. म्हणाला, आई, मला कुठे मुलगी आहे? सुनेने पाणी आणून दिलं.
दुपारी फर्माइशीच्या फोनवर नात. आजी, अशी हाक मारली. मी ओ दिली. गाणं मागते, मी लिहिते, कोणी चिठ्ठी घेत नाही. म्हणते, शेजारी एक आजोबा बसलेत. सोबत आहे, तेवढंच—

शुक्रवार
वही वाचली की आठवते. मिटली की—
मॅनेजरने सांगितलं, संध्याकाळी हा फोन काढायचा. आणि दारात उभा राहून मलाच विचारतो, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?

ज्याच्या हाती वही येईल त्याने ऐका. फोन काढू देऊ नका. वाजला की उचला. पोरगी आजी म्हणून हाक मारेल. आजी नाही असं सांगायचं नाही, ती घाबरेल. ओ तुम्हीच द्यायची. मॅनेजरने नाही. तुम्ही—