हार्लनचा परवाना

१२ जानेवारी

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून ही वही उघडली आहे.

आर्डिसच्या कॅफेत भिंतीवर खिळे आहेत. वाटसरूला कागदी पेला आणि आपल्या माणसाला खिळ्यावरचा स्वतःचा मग, असा तिथला वर्णाश्रम. माझा मग इतकी वर्षं खिडकीजवळ होता. आज पाहतो तर थेट भिंतीवरच्या एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या सांबराच्या, मुंडक्याखाली! त्या मुंडक्याच्या नाकातून आर्डिसच्या आजोबांच्या काळापासूनचा भुसा झडतो.

"उन्हाने तुझ्या मगावरची ती वळवळती अक्षरं उडायला लागली होती," आर्डिस म्हणाली. "उपकार मान."

मानले नाहीत. फुंकर मारून कॉफी प्यालो.

खरी बातमी त्यानंतर कळली, ग्रेडी हॉल्टकडून. ग्रेडी जन्मभर रस्त्यावरचं बर्फ ढकलायची गाडी चालवून निवृत्त झाला. आता बातम्या ढकलतो. बाहेरच्या राज्यांतल्या शिकाऱ्यांच्या परवान्याची फी जवळजवळ दुप्पट करायचा ठराव राजधानीत आलाय. एल्क, हरीण, अस्वल – सगळ्याची. आपली गावकऱ्यांची आहे तेवढीच.

"झालं की नाही बरं?" असं म्हणून त्याने माझ्या पाठीत थाप मारली. कॉफीने सदरा भिजला.

दर शरदात विस्कॉन्सिनहून इथे शिकारीला येणाऱ्या माझ्या हार्लनला कळलं असेल का?

१३ जानेवारी

कळलं होतं. विस्कॉन्सिनला फोन लावला, गाईंचं दूध काढायची वेळ टाळून. हार्लनच्या गाई विकून किती वर्षं झाली, पण तो अजून त्या वेळेला फोन घेत नाही.

"मग यंदा राहू दे," म्हणाला. एवढंच! एकदा शिळ्या डोनटचे पूर्ण पैसे घेतले म्हणून ज्या माणसाने डाकोटातल्या पंपावर अर्धा तास वाद घातला, तो इतक्या सहज?

"अरे पंडित, मला एल्क मारायचा आहे, डोंगर विकत नाही घ्यायचा."

मी बरंच बोललो. तो "हं, हं" करत होता. शेवटी म्हणाला, "गुडघाही कुरकुरतो."

मला फार राग आलाय. त्याचा नव्हे.

१४ जानेवारी

काल लिहायचं राहिलं. वाईच्या पाठशाळेत नञ्-तत्पुरुष शिकलो, तेव्हा वाटलं नव्हतं की त्या एका 'अ'चे डॉलर पडतात. निवासी – थोडे. अनिवासी – वीसपट. कृष्णेच्या काठी मुंज झालेला मी इथे निवासी. आणि दोन राज्यं पलीकडे जन्मलेला, या डोंगरातला झरा न् झरा ठाऊक असलेला हार्लन अनिवासी. पुरावा काय, तर माझं विजेचं बिल इथे येतं.

इथल्या छोट्या कॉलेजात एका वर्षासाठी शिकवायला आलो होतो. कॉलेज बंद पडलं, मी राहिलो. पहिल्याच हिवाळ्यात खिंडीत गाडी रुतली. हार्लनने ती साखळीने ओढून खाली आणली. त्याच्या ट्रकच्या हौद्यात मेलेला एल्क, जीभ बाहेर. मागे माझी गाडी. गाडीत मी, जन्माचा शाकाहारी, डोळे मिटून. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "स्वयंपाक येतो का रे तुला? तंबूत माझ्या हातचं मलाच गिळवत नाही."

तेव्हापासून दर शरदात मी आचारी. शिवाय सरकारदरबारी वाटाड्या! राखीव अरण्यात अनिवासी शिकाऱ्याने एकटं जायचं नाही. पण इथला कोणी रहिवासी दोस्तीखातर बरोबर असेल तर चालतं, त्याला वाटाड्याचा कागद फुकट मिळतो. तो मी काढतो. मला पोस्टामागची गल्ली सापडत नाही. त्यामुळे तंबूपर्यंत हार्लन पुढे चालतो, आणि मी मागून त्याला वाट दाखवतो; तिथून शिकारीला तो एकटाच जातो, मी चुलीपाशी.

२० जानेवारी

कॅफेत जुंपली.

ग्रेडी म्हणाला, "तुला काय रे कळतंय? ऑक्टोबरात पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावायला जागा मिळते का? सगळ्या बाहेरच्या राज्यांच्या नंबरपाट्या! माझ्या पोराला तीन वर्षं सोडतीत टॅग लागला नाही, एक एल्क मारायची साधी चिठ्ठी! त्यांना हौस आहे ना, मोजू देत."

खोटं नाही ते. म्हणूनच जास्त झोंबलं. म्हटलं, "ग्रेडी, मीसुद्धा बाहेरचाच."

"तू? तू आपला."

"कधीपासून?"

"तू मोजायला लागू नकोस आता. कॉफी पी."

मग त्याने हार्लनच्या मगाकडे बोट दाखवलं. गोठ्याचं चित्र असलेला, कानाचा टवका उडालेला मग वर्षभर तिथे टांगलेला असतो, मालक असो नसो. "त्यालाही दुप्पट भाडं लाव, आर्डिस! अनिवासी मग आहे तो."

आर्डिस तळणीवरून न वळता म्हणाली, "या भिंतीवर कोण राहतं ते मी ठरवते. जास्त बोललास तर तुला कागदी पेला."

ग्रेडीने बोट खिशात घातलं. इतकं निर्णायक सरकार राजधानीत असतं तर!

३ फेब्रुवारी

तालुक्याच्या सभागृहात जनसुनावणी. आमच्या साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून मी फक्त टिपणं घ्यायची होती. पण तीन मिनिटं बोलायला मिळतात म्हटल्यावर हात आपोआप वर गेला.

म्हणालो – हा भाव वाढला की येणं थांबणार ते विमानाने येणाऱ्यांचं नाही. त्यांचे बूटच परवान्यापेक्षा महाग असतात. थांबणार तो वर्षभर डब्यात चिल्लर टाकून, स्वतः ट्रक हाकत येणारा माणूस. म्हणजे तुम्ही गर्दी कमी करत नाही, गर्दीतली माणसं निवडताय.

अध्यक्षबाई सभ्य होत्या. "आपण स्वतः शिकार करता?"

"नाही."

"एल्कचं मांस खाता?"

"नाही."

"मग या विषयात आपला संबंध?"

"मी बटाटे सोलतो," म्हटलं. "त्याच तंबूत."

सभागृह खो खो हसलं. ग्रेडी सगळ्यात मोठ्याने. हसू देत! तीन मिनिटांची घंटा वाजल्यावरही मी एक वाक्य जास्त बोललो – उभ्यानेच, टोपी हातात घेऊन. काय बोललो ते आठवत नाही, पण बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

ठराव मंजूर. साप्ताहिकात दोन ओळी दिल्या. दोन्ही ओळी संपादकाने सौम्य केल्या.

११ एप्रिल

हार्लनने अर्ज केलाच नाही. मुदत केव्हाच उलटली.

आज ग्रेडी कॅफेत त्याच्या गेल्या शरदातल्या पराक्रमाची कथा सांगत होता. पहिली गोळी एका मादीला ओझरती लागली, रक्त दिसलं, मग ती झाडीत गेली. तास दोन तास शोधली. दुसऱ्या दिवशी दुसरी मारली. कायद्यात बसतं. पण मला आमचा तंबू आठवला. हार्लनच्या वडिलांपासूनचा नियम – जमिनीवर रक्त पडलं की टॅग फाडायचा. जनावर सापडो, न सापडो. तुझी शिकार झाली, आता भांडी घास.

हे ग्रेडीला सांगितलं. "तो नियम लिहिलाय कुठे?" म्हणाला. पण नंतर बराच वेळ चमचा नुसता ढवळत बसला.

गेल्या वर्षी हार्लन चौथ्या दिवसापासून तंबूतच होता, गुडघा धरला म्हणून. माझ्याबरोबर बटाटे सोलत. सालं काय जाड काढायचा! निम्मा बटाटा सालाबरोबर. मी त्यावरून त्याला आठवडाभर पिडलं.

८ जुलै

विजय!

ग्रेडी सकाळी दारात. हातात टोपी, तोंडात पुटपुट. "ऐक. उरलेल्या टॅगांची विक्री उद्या सकाळी उघडते. आपल्या खोऱ्यात एल्कच्या माद्या फार झाल्यात, त्यांचे टॅग अनिवासींनासुद्धा स्वस्तात देतायत. जुन्या भावापेक्षाही कमी. हार्लनला सांग."

मी म्हटलं, "तू तर भाव वाढवा म्हणत होतास."

"भाव वाढवा म्हणालो. हार्लन नको असं कधी म्हणालो?" आणि चिडून निघून गेला.

मग काय! वाटाड्याच्या कागदाचा अर्ज आजच टाकला. तंबू परसात उभारून उंदरांना नोटीस दिली. सरकारने दार लावलं, आम्ही खिडकीतून आत! आता हार्लनला फोन करतो.

८ जुलै, दुपारी

केला. सगळं एका दमात सांगितलं.

मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं हे सगळं करायला?"

आणि फोन ठेवला. हार्लनने! माझा!

९ जुलै

टॅगांची विक्री उघडली आणि संपली. त्याने घेतला नाही.

२ ऑगस्ट

तीन आठवडे मीही फोन केला नाही. पाठशाळेत आमचा एक पाठ चुकला की गुरुजी बोलत नसत. ती कला थोडी अंगात आहे.

आज त्याचाच आला. हवेबद्दल बोलला. मक्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "पंडित, गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी वरच्या कुरणात मी मादीवर गोळी झाडली. ती मादी नव्हती. म्हणजे मादीच होती, पण मी जिथे बघत होतो तिथे ती नव्हती. रक्त सापडलं. दिवेलागणीपर्यंत हुडकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नाही सापडली. टॅग फाडला आणि शेकोटीत टाकला."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू सालांवरून मला पिडत होतास. बरं वाटत होतं ते."

डोळे, म्हणाला. मधोमध डाग आहे, वाढतोय. कडा छान दिसतात. कणीस दिसतं, दाणे दिसत नाहीत. "फी वाढली ना, तेव्हा मी सुटलो होतो रे. चांगलं, मर्दानी कारण मिळालं होतं. सरकारला चार शिव्या द्यायच्या आणि घरी बसायचं. तू ते काढून घेतलंस."

सात महिने मी ज्या भिंतीला धडका देत होतो, तिच्या सावलीत माझा मित्र बसला होता.

३ ऑगस्ट

नाही. हे मला मान्य नाही. डोळ्यांनीसुद्धा एक ठराव मंजूर केला म्हणून आम्ही मुकाट घरी बसायचं?

पुन्हा फोन. म्हटलं, "बंदूक घरी ठेव आणि ये."

"आणि करू काय तिथे?"

"बटाटे सोल. अनिवासी बटाटे सोलण्याला अजून फी नाही. मी नियमावली तपासली आहे."

"एल्क कोण मारणार?"

"बावीस वर्षं एल्क मारणं हा तुझा समज होता. मी स्वयंपाकाला येत होतो."

तो हसला. हसता हसता खोकला. मग बराच वेळ नाक पुसल्याचा आवाज. "जाड सालं काढीन हां मी."

"काढ! बटाटे माझे आहेत."

१९ ऑगस्ट

आर्डिसने गोठ्याचा मग धुऊन ठेवला. ग्रेडी तंबूचा तुटका खांब नीट करून घेऊन आला. कमावलेल्या कातड्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मीही येऊ का वर? तुमच्या त्या नियमासकट." म्हटलं, ये. भांडी घासायची तयारी ठेव.

माझा मग अजून मुंडक्याखालीच आहे. एका वेळी एकच लढाई.

१२ सप्टेंबर

हार्लनला म्हटलं, मी घ्यायला येतो. तो उसळला. "तू? तुझी गाडी खिंडीतून कोणी ओढली होती? तू डाकोटा ओलांडेपर्यंत मोसम संपेल. पुतण्या सोडेल मला, तू काळजी करू नकोस."

२५ सप्टेंबर

कांदे, मीठ, हिंग, तांदूळ बांधले. वरच्या उतारांवर अ‍ॅस्पेन वृक्ष पिवळे झालेत. यंदा मला कोणाचाही राग नाही, हे जरा चमत्कारिक वाटतंय.

२७ सप्टेंबर

सकाळी कॅफेत आर्डिसने निरोप दिला. पहाटे हार्लनचा फोन आला होता, नेब्रास्काच्या सीमेजवळच्या कुठल्याशा पंपावरून. पुतण्याला कापणीतून सवड नाही. एकटाच निघालाय, जुना ट्रक घेऊन. "पंडितला सांग, रस्ता मला पाठ आहे," म्हणाला. मोबाईल तो बाळगत नाही.

ग्रेडी गाडीच्या किल्ल्या घेऊन उठला. त्याची गाडी बाहेर चालू आहे. तो भोंगा वाजवतोय.

वर्षभर हार्लनच्या परवान्यासाठी भांडलो. गाडी चालवायचा परवाना त्याच्याकडे अजून आहे का, हे एकदाही विचारलं नाही. फीची काळजी मला कधीच नव्हती. कडा दिसतात म्हणाला होता. मला भीती वाटते ती समोरून येणाऱ्या गाडीची.