दोन तास जास्तीची झोप

प्रिय सोलांज,

मी धडधाकट आहे. अक्षराकडे बघू नकोस, सायकलचं हँडल धरून बोटं जरा बधिर झालीत.

दुपारी वाटेतल्या एका गावच्या सभागृहात आडवा झालो. पायाशी पुठ्ठा ठेवला: ‘तीनला उठवा.’ तिथल्या स्वयंसेविका मादाम ल गोफ यांनी पाचला उठवलं! वर म्हणतात, “झोपेत पाय कापत होते तुमचे. ओरडा हवं तेवढं, पण आधी सूप प्या.”

ओरडलो. सूपही प्यायलो. सायकलफेरीच्या पुढच्या तपासणी नाक्यावर साडेसातच्या आत शिक्का मिळाला नसता, तर चार वर्षांची तयारी पाण्यात! बाई मात्र शांतपणे माझे ओले मोजे इस्त्रीने वाळवत होत्या.

कोंबड्या वेळेवर आत घेतेस ना?

पण त्या झोपेनंतर चढावर एकदाही सायकलवरून उतरावं लागलं नाही. चार मिनिटं राखून शिक्का मिळाला. बाईंचे आभार तूच लिही. मी लिहिलं तर पुन्हा भांडेन.

तुझा, अजून चिडलेला,
अलबाँ