पेचोटी जागेवर बसवली

१२ जानेवारी
गावाहून राजकोटला क्रिंजलच्या घरी आलो, मी आणि आमचे हे, तिचे आजोबा; ती त्यांना दादा म्हणते, मला बा. क्रिंजल आमची नात, मोठ्या इस्पितळात इमर्जन्सीत डॉक्टर. गळ्यातलं ते छाती ऐकायचं यंत्र काय शोभतं पोरीला! मोत्यांची माळ फिकी पडेल. बाजरीची तिखट ढेबरं घेऊन इस्पितळात गेले, तर म्हणाली, बा, बाकावर बस आणि कुणाच्या पोटाला हात लावू नकोस.
तिथे रांगेला मानच नाही. ज्याचं जास्त बिघडलंय तो आधी आत. एक रिक्षावाला बिचारा पोट धरून कधीचा बसलेला. पेचोटी सरकली होती त्याची. बेंबीखालची नाडी जागची हलली की सगळं दुखणं तिथून, हे मला सासूने शिकवलंय. पायाचे अंगठे ओढले, बेंबीभोवती चोळलं. तो उठला तो थेट संडासाकडे पळाला. परत आला नाही, म्हणजे बराच झाला.
क्रिंजल रागावली. ठरवलं, इस्पितळात हात लावायचा नाही. घरी कुणाची बंदी आहे?

१४ जानेवारी, उत्तरायण
मांज्याने कापलेले गळे, गच्चीवरून पडलेले पतंगवाले. क्रिंजल सकाळपासून टाके घालतेय. लहानपणी बाहुलीचं झबलं शिवताना बोटं टोचून घ्यायची, आता माणसं शिवते!
शेजारच्या इलाबेनने सणाची भाजी, उंधियु, आणून दिलं. दादा नको म्हणाले. बेंबीभोवती दुखतंय म्हणे. उंधियुला नको म्हणणारा हा माणूस? मला तिथेच कळलं. बेंबीवर दिवा ठेवून वर लोटा पालथा घातला. असा चिकटला की ओढून काढावा लागला. पेचोटीच.

१५ जानेवारी, सकाळ
दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली गेलं. म्हणजे पेचोटी चालायला लागली. रात्री ओकलेसुद्धा, घाण गेली. चोळायला गेले तर हात झटकला आणि म्हणाले, "क्रिंजलला बोलव."
मी म्हटलं, पोरगी गळे शिवतेय, तिला तुमच्या बेंबीसाठी बोलावू? आणि जिथे मी लोकांना बरं केलं, तिथेच घरचा पेशंट नेऊन बसवू? ते भिंतीकडे तोंड करून निजले, गुडघे पोटाशी घेऊन. थंडी आहेच यंदा.

दुपार
जिंकले! दुखणं एकदम थांबलं, त्यांनीच सांगितलं. अंगठे जरा जोरात ओढले होते, खट् वाजलंही. इलाबेनला सांगून आले, तिलाही जावेची पेचोटी बघून हवीय. क्रिंजलला एवढ्यात सांगायचं नाही. तिच्या शिक्षणाचा मान राहिला पाहिजे.

संध्याकाळ
अंग तापलंय. बरं होताना ताप येतोच. पोट पाटासारखं कडक लागतंय, ताकद भरली असेल. क्रिंजल आंघोळीला घरी आलीय. जाते, ढेबरं गरम करते.

१६ जानेवारी
ढेबरं तशीच राहिली.
तिने दादांचं पोट हळूच दाबलं आणि हात उचलला, तसे ते ओरडले. इमर्जन्सीत बाकावरच्या सगळ्यांना मागे टाकून त्यांना आत नेलं. कुणी कुरकुरलं नाही.
तिच्या वरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काही केलं का? म्हटलं, थोडं चोळलं.
"बा, सगळं सांग."
मग दिवा, लोटा, अंगठे, सगळं सांगितलं. दुपारी मात्र दुखणं थांबलं होतं, तेवढं तरी बरं झालं ना, असं विचारलं.
"तेव्हा अपेंडिक्स फुटलं, बा."
ऑपरेशन चाललं होतं तोवर मी बाकावर हात मांडीखाली घेऊन बसले.

१९ जानेवारी
वाचले. नळी आहे पोटात, पण सकाळी चमचाभर पाणी दिलं. अजून उशीर झाला असता तर, एवढंच क्रिंजल म्हणाली, आणि ढेबरं मागून खाल्ली माझ्याकडून. माझी गुणाची पोर.
शेजारच्या खाटेवरचे वल्लभभाई पोट धरून कण्हत होते. मला म्हणाले, बेन, तुम्हाला यातलं कळतं म्हणे, जरा बघता? मी नर्सला हाक मारली. तिने बघितलं, गॅस आहे म्हणाली, गोळी देऊन गेली.
गॅस कसला, सरळसरळ पेचोटी होती. पण बोलले नाही. क्रिंजलचे दादा जागे होते आणि माझ्या हातांकडेच बघत होते.