अकरा फायली

प्रिय धाकट्या,

बाबा आता काठी टेकत फाटकापर्यंत जातात. तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पगार बेताचा आहे, पण डोकं शांत राहतं. तू यातलं काही विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण तीन वर्षांत तू काहीच विचारलेलं नाहीस.

आपल्या कंपनीचे पहिले दिवस आठवतात? सायकलच्या दुकानावरची ती खोली, एकच पंखा, तोही तुझ्या बाजूला. मी पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत रक्ततपासणीच्या लॅबचा प्रोग्राम लिहायचे, तू गिऱ्हाईकं गाठायचास. तुझ्या जिभेवर साखर होती, माझ्या नव्हती, तेव्हा वाटणी बरोबरच होती. त्या काळी क्लासचं, म्हणजे प्रोग्राममधल्या एका साच्याचं जे नाव, त्याच नावाचं फंक्शन लिहायचं, की त्या साच्यातून नवा ऑब्जेक्ट तयार होताना ते आपोआप चालायचं. तोच कन्स्ट्रक्टर. रिपोर्टच्या क्लासमधला माझा कन्स्ट्रक्टर प्रत्येक तपासणीच्या धोक्याच्या मर्यादा भरून ठेवायचा. आकडा मर्यादेबाहेर गेला की रिपोर्टवर लाल खूण उमटायची आणि लगेच डॉक्टरांना फोन जायचा.

पुढे भाषेने कन्स्ट्रक्टरसाठी वेगळं, ठरलेलं नाव आणलं. बरीच वर्षं जुनं-नवं दोन्ही चाललं, मग इशारे यायला लागले, आणि आठव्या आवृत्तीत जुनी पद्धत बंदच झाली. मी एकेका फाईलीत नव्या नावाचं फंक्शन घालून त्यातून जुनं बोलवत होते, म्हणजे कुठल्याही आवृत्तीवर अडू नये. अकरा फायली राहिल्या आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी दवाखान्यात जाऊन बसले. जाताना तुला यादी दिली, दोनदा समजावलं की भाषा इथे आरडाओरडा करणार नाही, ते फंक्शन चालवणंच सोडून देईल. तू म्हणालास, "ताई, तू बाबांकडे बघ. हे माझ्यावर सोड." चौथ्या दिवशी अकराही ओळींपुढे 'झालं' लिहून यादी परत पाठवलीस. मला इतकं हायसं वाटलं की बाबांच्या पलंगाशेजारी खुर्चीतच डोळा लागला.

तू सर्व्हर आठव्या आवृत्तीवर नेलास. प्रोग्राम सुरळीत चालला. मर्यादा मात्र भरल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे आकडे कशाशी ताडून बघायचे तेच उरलं नाही. तपासणीला आलेल्या त्या बसड्रायव्हरच्या रक्तातलं पोटॅशियम सात पूर्णांक एक होतं, हृदय बंद पडू शकेल इतकं. कागद स्वच्छ, कुठे लाल ठिपका नाही. रिपोर्टची घडी खिशात घालून तो कामावर गेला. दुसऱ्या दिवशी डेपोच्या पायऱ्यांवर कोसळला, तो उठलाच नाही.

चौकशीत लॅबच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, ही फाईल कुणाची. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताईनेच लिहिलीय." खोटं नव्हतंच ते. 'झालं' लिहिलेली तुझी यादी मी दाखवली नाही. तुझी मुलगी दोन महिन्यांची होती, बाबा अंथरुणाला खिळलेले. म्हटलं, घरात कमावतं एक माणूस तरी राहू दे. बाहेर ड्रायव्हरची बायको उभी होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाई, नीट बघून केलं असतं, दोन दिवस उशीर झाला असता, तर काही बिघडलं असतं का?" तू सर्व्हर गुपचूप जुन्या आवृत्तीवर परत नेलास, लाल खुणा पुन्हा उमटू लागल्या, आणि मी कंपनी सोडून घरी बसले.

आता हे आज का उगाळतेय, ते सांगते. सोमवारी तुम्ही पुन्हा आठव्या आवृत्तीवर जाताय, कारण जुनी आता सर्व्हरवाले ठेवू देत नाहीत. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी प्रोग्राम माझ्याकडे पाठवला, सोबत तुझा निरोप, की ताईला सहज नजर टाकायला सांगा, काही नसणारच. मी उघडून पाहिला. अकराच्या अकरा फायली तशाच आहेत. एक माणूस गेला, माझं काम गेलं, तीन वर्षं गेली, आणि तुला त्यातली एकही उघडावीशी वाटली नाही. मी त्या दुरुस्त केल्या, दोन्ही आवृत्त्यांवर चालवून पाहिल्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. फायली थेट डॉक्टरबाईंना पाठवल्या आहेत, आणि तेव्हा काय झालं होतं तेही पुराव्यासकट लिहून कळवलंय, त्यांना आणि ड्रायव्हरच्या बायकोला. त्यांचा फोन येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच, कारण ते काही बदलता येत नाही,
ताई