रुसलेल्यांच्या ओट्यावर

अण्णा, ग्रामपंचायतीत तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. बहुमत आपल्याच पॅनेलचं आहे, तरी मागच्या सभेला कोरम भरला नाही. विरोधक तसेही येत नाहीत. या खेपेला आपल्यातलेच काही फिरकले नाहीत. त्यांचा म्होरक्या दादा, तुमचा पुतण्या. विषय होता भाडेकरूंच्या खोल्यांना नळ देण्याचा. हिंजवडीत कामाला जाणारी पोरं-पोरी तिथे बादल्या घेऊन टँकरची वाट बघतात. दादाचं म्हणणं, आधी वरची आळी. पण ते तो सभेत येऊन म्हणत नाही, न येऊन म्हणतो. ग्रामसेवक हळूच म्हणाले, "ताई, सभा तहकूब करा. तहकूब सभेला कोरम लागत नाही. ठराव होऊन जाईल." कायद्यानं बरोबर होतं. मी तहकूब केली.

घरी आले आणि तुम्ही आठवलात. सभेची सकाळ. तुम्ही चुलीपाशी बसून आईला सांगताय, "पिठलं जास्ती कर, रुसलेले आणाया चाललोय." मी कॉलेजात शिकणारी, तुम्हाला शिकवतेय: बहुमत आहे ना, मग हात वर करा आणि मोकळे व्हा. तुम्ही भाकरी मोडता. "मोकळं व्हायला सभा नसती, पोरी. उद्या त्याच्याच बांधावरनं जायचंय." आणि रुसलेल्याच्या ओट्यावर तुम्ही सभेचा विषय कधी काढत नव्हता.

तहकूब सभेच्या सकाळी मी दादाकडे गेले.

"आलीस व्हय? मला वाटलं, सरपंचबाईंना आता कायदा पुरतुया."

वहिनींनी चहा दिला. मी म्हशीची चौकशी केली, भाताची केली. शेवटी दादाच वैतागला. "अगं, इचार की कायतरी! अण्णा बी असंच छळायचे."

तो सभेला आला. लई भांडला. ठरावात वरची आळी आधी घालून घेतली. खोल्यांना नळ मिळाला, पण पाणी दिवसाआड. तो आला नसता तर रोज मिळालं असतं. खोल्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, रोज का नाही?" तुम्ही काय सांगितलं असतं?

हे इतिवृत्तात जाणार नाही, टपालातही नाही, म्हणून लिहिते. दादा पंचायतीच्या पायऱ्या चढत होता तेव्हा मला ना कोरम आठवत होता, ना नळ. तो तुमच्यासारखाच चढतो, एक हात भिंतीला लावून.