अर्धी होडी, अर्धा नारळ

चंडीगढ,
५ जुलै १९८८

ती. सौ. शोभनाताईस,
विलासचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आमसुलं पोचली. आम्ही खुशाल आहोत. रेडिओवरच्या बातम्या ऐकून घाबरू नकोस. कर्फ्यू लागला की स्मिता पत्ते काढते आणि मला हरवते.

खरी बातमी होडीची. गेल्या महिन्यात इथे आंधी आली, म्हणजे धुळीचं वादळ. सुखना तलावावरची आमची होडी उलटली. डोलकाठी मोडली, दोर तुटले, शीड फाटलं. चूक माझीच. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मी तिचं नाक नैऋत्येला करून बांधलं होतं. इथली आंधी वायव्येकडून येते हे डोक्यातच आलं नाही. हवाई दलाचा माणूस आणि वारा कळेना! हस, पोटभर हस. डोलकाठीच्या टोकाची बाबांची छोटी पितळी कप्पीही चिखलात गेली. त्या कप्पीतून दोर गेल्याशिवाय शीड चढत नाही, तुला ठाऊकच आहे.

दुरुस्ती करावी की होडी मोडीत काढावी? ती निम्मी माझा इथला मित्र जसपाल याची. तो सुकाणू धरायचा, मी शीड. एकट्याला ती आवरत नाही. पण बैसाखीपासून तो फिरकलेला नाही. त्याच्या पुतण्याला पोलिसांनी चौकशीला नेलं, अजून सोडलं नाही म्हणतात. फोन केला की त्याची आई सांगते, बाहेर गेलाय. माझ्या अंगावर वर्दी आहे, त्याचाच राग असणार. त्यात डिसेंबरात माझी बदली. मग दुरुस्ती करायची ती कुणासाठी? तू सांगशील तसं करीन.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा,
विलास

वेंगुर्ले,
१० ऑगस्ट १९८८

चि. विलास यास अनेक आशीर्वाद.

हसले. दोन दिवस हसले. बाबा असते तर कान धरून तुला वायव्य दाखवली असती.

पण भागीदाराला न विचारता होडी मोडीत काढायची रीत तू कुठे शिकलास? नारळी पौर्णिमेला होडीपुढे नारळ फुटतो आणि भागीदाराची वाटी त्याच्या घरी जाते, विसरलास? भागीदार गुरुनाथकाकांशी बोलणं बंद होतं त्या वर्षीही बाबा स्वतः वाटी घेऊन गेले होते. काकांनी तोंड फिरवलं, पण वाटी घेतली. घेतली म्हणजे भागीदारी शाबूत. तेव्हा तूही जा. डोलकाठीचं नंतर बघू.

आणि काय रे, सगळं पत्र दोर नि कप्प्यांनी भरलंस. त्या घरातलं पोर हरवलंय, आणि तुला दिसतो तो तुझ्यावरचा राग! आधी त्या पोराचं विचार.

राखी सोबत आहे. रोज पेपर उघडताना मला भीती वाटते. तरीही जा म्हणते. स्मिताला आशीर्वाद. जपून राहा आणि बहिणीचं ऐकत जा.

तुझी,
ताई

चंडीगढ,
४ सप्टेंबर १९८८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

राखी बांधली. पौर्णिमेला मोडक्या होडीपुढे नारळ फोडला. चौकीदाराने हे कसलं लग्न म्हणून विचारलं.

साधा सदरा घालून वाटी घेऊन गेलो. दार जसपालनेच उघडलं. आत ये म्हणाला नाही. मी आधी पुतण्याचं विचारलं. तो म्हणाला की पोराचा काहीच पत्ता नाही, आणि वहिनीला, पोराच्या आईला, वर्दीतला माणूस साध्या कपड्यांतही बघवत नाही. राग नाही, असं काही म्हणाला नाही. पण वाटी घेतली. ताई, परतताना माझ्याच्याने स्कूटर सुरू होईना. रडू आलं.

काल त्याची आई करवंटी परत घेऊन आली. रिकामं भांडं परत करू नये, ही रीत त्यांच्यातही आहे. करवंटीत पंजिरी होती, म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेचा गोड चुरा. माताजी बसल्या नाहीत, स्मिताच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. पंजिरी डब्यात काढताना तळाशी फडक्याची पुरचुंडी निघाली. आत बाबांची कप्पी. धुतलेली, तेल दिलेली, बोट लावताच फिरणारी.

म्हणजे आंधीनंतर तो गुपचूप तलावावर जाऊन ती चिखलातून काढून आला होता. आणि मी त्याला घरबसल्या दोष देत होतो.

डोलकाठीला लाकूड सांगून आलो. फाटलेलं शीड स्मिता शिवतेय. डिसेंबरपर्यंत जसपाल येईल, न येईल. तो येवो न येवो, जाताना होडी त्याच्यासाठी तयार ठेवून जाईन, नाक वायव्येला करून.

तुझं रागावणं असंच चालू राहो.

तुझा,
विलास